सुंदरम्माच्या मोगऱ्याची झारी

मी झारी बोलतेय. परसात न्हाणीच्या भिंतीला टेकून, अंगावर पोचे पडलेली, सोंड जरा वाकडी झालेली एक पत्र्याची बाई उभी आहे ना, तीच मी. एकदा बोलायला लागले की मी थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवते. आणि आज तर मला बोलायचंच आहे. या घरात जे चाललंय ते सगळ्यांना दिसतंय, आणि तोंड मात्र कुणी उघडत नाही.

आधी माझी हकीकत ऐका, म्हणजे पुढचं कळेल.

माझा जन्म घासलेटच्या डब्यातून झाला. हसू नका. सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाडलेसाबचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक ओटा, एक लोखंडी ठोकळा आणि कोळशाची शेगडी. कंदील, गाळणी, धान्याचे डबे, असलं सगळं पत्र्याचं काम ते करतात. एक दिवस सुंदरम्मा रिकामा डबा काखेत मारून त्यांच्यापुढे उभी राहिली.

"लाडलेसाब, याची झारी करून द्या की. तांब्यानं पाणी घातलं की मोगऱ्याची माती उकरून जातीय, मुळं उघडी पडतेत."

"झारी? मैं कब्बी नै बनाया, अम्मा. गाळणा बनाऊं?"

"गाळण्यानं काय चहा गाळू का मोगऱ्याचा? झारीच पायजे. बनवा. येतंय तुमाला."

झालं. त्यांनी मला कापलं, वाकवलं, डाग देऊन जोडलं, सोंडेच्या टोकाला चाळणी बसवली. सुंदरम्मानं तिथंच पाणी भरून आधी स्वतःच्या तळहातावर धार धरली. तळहाताला टोचलं म्हणून चाळणीची भोकं बारीक करून घेतली. दुसऱ्यांदा धरली आणि मान हलवली. त्या दिवशी मी तिची झाले.

पुढं बरेच दिवस माझ्या अंगाला घासलेटचा वास येत होता. तिचा नवरा सिद्धप्पा संध्याकाळी गिरणीतून आला की नाक दाबून म्हणायचा, "अगं, झाडं पेट घेतील की एखाद्या दिवशी!" सुंदरम्मा म्हणायची, "तुमी बिडी लांब ओढा, म्हंजे न्हाय घेणार." मला मनातून राग यायचा, पण बरंही वाटायचं. आपल्यावरून घरात थट्टा चालते म्हणजे आपण घरातलेच झालो की.

हे घर लिंगायतांचं. सिद्धप्पा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. सुंदरम्माचं माहेर मैंदर्गीचं, अक्कलकोटच्या पलीकडं, म्हणून घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी चालतं. आईला अव्वा म्हणायचं आणि भांडायचं मराठीत. त्यांना एकच मुलगी, महानंदा. माळवदाचं दोन खोल्यांचं घर आणि मागं हे परस. परस तसं हातभरच, पण त्यात सुंदरम्मानं काय काय लावलं होतं! कोपऱ्यात गुलाबी कण्हेर, भिंतीकडेनं शेवंती, एक गावठी गुलाब, आणि मधोमध, दगडांचं आळं केलेला मोगरा.

त्या मोगऱ्याची ऐट काय वर्णावी! सुंदरम्मा लग्न होऊन आली तेव्हा तिच्या अव्वानं माहेरच्या झाडाची मुळी फुटलेली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्याबरोबर दिली होती. नवी नवरी बैलगाडीत बसून सोलापूरला आली ती ते फडकं मांडीवर घेऊन. सासूनं ओटीत काय आलं म्हणून बघितलं, तर काटकी! पण त्या काटकीनं या मातीत मूळ धरलं.

आणि सुंदरम्मा त्याचं करायचीही तसंच. पौषात पाणी तोडायची. पानं मलूल होईपर्यंत मला हात लावायची नाही. माघात छाटणी करायची, आळं उकरून मुळांना चार दिवस ऊन दाखवायची, मग शेणखत आणि भिजवलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी. त्याचा वास असा यायचा की सिद्धप्पा जेवायचं ताट घेऊन पुढच्या ओट्यावर जाऊन बसायचा. त्यानंतर मात्र रोज माझी पाळी. चैत्र लागला की झाड कळ्यांनी भरून जायचं. दिवस कलताना टपोऱ्या कळ्या ती खुडायची. थोड्या देवाला, थोड्या स्वतःच्या अंबाड्यात, थोड्या शेजारच्या केराबाईला. केराबाई करमाळ्याकडची, नवऱ्यामागं शहरात आलेली. भिंतीपलीकडून हात पुढं करून म्हणायची, "दे गं बाई, माजं डोकं बी जरा वासाचं हुंदे."

माणसांची एक गंमत मी पाहिली आहे. झाडांशी ती तासन्‌तास बोलतात. नवऱ्याशी भांडण झालं की सुंदरम्मा मोगऱ्याला सांगायची, "ऐकलंस का रे, आज काय बोलले ते?" गुलाबाला दटावायची, शेवंतीची समजूत काढायची. ज्या झारीतून पाणी घालायची तिच्याशी मात्र चकार शब्द नाही. मी म्हटलं, असू दे. आपला दांडा तिच्या मुठीत असतो, तिच्या हाताची ऊब आपल्यालाच मिळते. एवढं पुष्कळ आहे.

आता मुद्द्याचं सांगते. सुंदरम्माच्या माहेरी एक रीत आहे. लेकीला पहिलं पोट राहिलं की सातव्या महिन्यात तिचं कुबस करतात, म्हणजे डोहाळजेवणच. तेव्हा लेकीच्या वेणीवर मोगऱ्याच्या कळ्या ओळीनं शिवून वेणी पार झाकून टाकतात. त्याला कानडीत मोग्गिन जडे म्हणतात. पुष्कळ घरांत करतात ती. पण मैंदर्गीच्या या बायकांचा हट्ट असा की त्या कळ्या बाजारच्या चालायच्या नाहीत. आईनं स्वतः पाणी घालून वाढवलेल्या झाडाच्याच पाहिजेत. सुंदरम्माची जडे तिच्या अव्वाच्या मोगऱ्याची होती. तिच्या अव्वाची जडे तिच्या आईच्या मोगऱ्याची. आईनं पाणी घातलेल्या कळ्या अंगावर आल्या की बाळंतपण सुखाचं होतं, असं त्यांच्यात मानतात.

बहात्तर साली वैशाखात महानंदाचं लग्न झालं. नवरा अक्कलकोटचा, चनबसप्पा नावाचा, शाळेत मास्तर. निघताना महानंदा परसात आली, मोगऱ्याला हात लावला आणि रडायला लागली. सुंदरम्मा म्हणाली, "रडू नगंस. तुझी जडे ह्याच झाडाची करीन बग. तू फक्त निरोप धाड." दोघी हसल्या. मी भिंतीपाशी उभी राहून हे सगळं ऐकत होते.

आणि त्या वर्षी पाऊस आलाच नाही.

आषाढ गेला, श्रावण गेला. आभाळ नुसतं यायचं आणि जायचं. गावाकडची माणसं कामाला म्हणून सोलापुरात यायला लागली, कुणी खडी फोडायला गेली, कुणी रस्त्यावर. नळाला पाणी यायचं ते कधी, किती, कुणाला सांगता यायचं नाही. बायका घागरी ओळीत लावून नळापाशी बसून राहायच्या. घरात माणशी पाणी वाटून दिलं जायला लागलं. सिद्धप्पा कडक माणूस, पण अन्यायाचा नाही. त्यानं स्वच्छ सांगितलं, "नळाचं पानी फुलझाडाला घालायचं न्हाय. लोकं जनावरं सोडून द्यायलेत. आपण फुलं फुलवत बसलो तर तोंड दाखवायला जागा न्हाय ऱ्हायची."

त्याचं खरंच होतं. सुंदरम्मानं शेवंती सोडून दिली, गुलाबही सोडला. भांडी विसळलेल्या पाण्यावर मोगरा कसाबसा धरून ठेवला. मी बहुतेक रिकामीच असायची.

आश्विनात गल्लीच्या टोकाला जमीन पोखरून हापसा बसवला. काय गर्दी झाली होती तेव्हा! नारळ फुटला, पहिलं पाणी आलं, पोरं नाचली. मग एकेकानं ओंजळ तोंडाला लावली आणि तोंड वाकडं केलं. पाणी मचूळ. मचूळ कसलं, खारट! डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. पिण्यासाठी पुन्हा नळच. पण धुण्याला, न्हाणीला, जनावराला ते पाणी भरपूर होतं.

केराबाई भिंतीवरून म्हणाली, "सुंदरम्मा, आता तुजा मोगरा जगला गं! घाल की हापशाचं."

"खारं हाय की ते."

"मग? झाडाला काय जीभ हाय व्हय?"

सुंदरम्मा हसली. कितीतरी दिवसांनी हसली. घागर घेऊन हापशावर गेली आणि मला काठोकाठ भरलं.

पाणी माझ्या पोटात पडल्याबरोबर मला कळलं. पत्र्याला मीठ ओळखायला वेळ लागत नाही, ते आमचं मरण असतं. मी म्हटलं, अगं बाई, हे कुणाला पाजतेस? पण म्हटलं म्हणजे काय, मनातल्या मनात. तिनं मला कलतं केलं आणि माझ्याच सोंडेतून ते पाणी मोगऱ्याच्या मुळाशी गेलं. मला नको होतं तरी गेलं. झारीला कलतं केल्यावर पाणी आत धरून ठेवता येत नाही हो.

मार्गशीर्षात निरोप आला, महानंदाला दिवस गेलेत. चैत्रात सातवा लागेल. सुंदरम्मानं देवापुढं साखर ठेवली आणि तशीच परसात धावत आली. मोगऱ्याला म्हणाली, "ऐकलंस का? आता तुझं काम हाय." पौषात तिनं रीतीप्रमाणं पाणी तोडलं. माघात छाटलं, मुळांना ऊन दाखवलं, पेंड मिळाली नाही म्हणून दारोदार फिरून शेण गोळा करून खत घातलं. मग रोज हापशाचं पाणी, माझ्यातून.

नवी पालवी फुटली, पण तिची टोकं करपलेली होती. पानाच्या कडेनं तपकिरी रेघ, कुणी काडी ओढून भाजल्यासारखी. सुंदरम्मा पान बोटांत धरून बघत बसली. "तहान लागलीय ह्याला," ती म्हणाली. भिंतीपलीकडून केराबाईही म्हणाली, "पानी कमी पडतंय, दुसरं काय? ऊन बग की केवढं हाय!" सिद्धप्पानंही वाकून पाहिलं आणि म्हणाला, "दोन्ही वेळ घाल मग. हापशाला काय तोटा हाय?"

मग सकाळी आणि संध्याकाळी. जेवढं जास्त पाणी, तेवढी जास्त पानं करपायची. आणि जेवढी पानं करपायची, तेवढं ती जास्त पाणी घालायची. मला वेड लागायची पाळी आली. आणि ती कोपऱ्यातली कण्हेर! तिला कशाचं म्हणून वावडं नाही. तेच खारं पाणी पिऊन ती गुलाबी झुबक्यांनी लगडलेली. सुंदरम्मा तिच्याकडं बोट दाखवून मोगऱ्याला म्हणायची, "तिला बग जरा. त्याच पाण्यावर फुललीय की. तुलाच काय झालंय?" मोगरा बिचारा काय सांगणार?

मला जेवढं करता येतं तेवढं मी केलं, बरं का. म्हणजे मी केलं असं मी मानते, खरं तर ते आपोआपच झालं. माझ्या चाळणीच्या भोकांत मीठ साचलं आणि एकेक भोक बुजलं. शेवटी एक दिवस सोंडेतून पाणी पडेचना. मी म्हटलं, आता तरी थांबेल. सुंदरम्मानं मला उलटं धरून बघितलं. "घाण अडकलीय जणू," म्हणाली आणि गोधडी शिवायचा दाभण घेऊन, पाय पसरून ओट्यावर बसून, एकेक भोक मोकळं केलं. किती मायेनं केलं! हाताला टोचलं तर बोट चोखलं आणि पुन्हा बसली.

मग माझा तळ सडला. मिठानं पत्रा खाल्ला आणि मी गळायला लागले. हापशापासून परसात येईपर्यंत निम्मं पाणी रस्त्यात. तिनं मला पुन्हा लाडलेसाबकडं नेलं.

त्यांनी तळाला बोट लावलं, पापुद्रा निघाला. "हापशे का पानी डालते क्या, अम्मा? नको डालो. खारा पानी पत्रा खा जाता."

माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, झालं, आता हिला कळलं.

"खाऊ दे की पत्रा," सुंदरम्मा म्हणाली. "माझं झाड जगलं पायजे. तुमी डाग द्या."

लाडलेसाबनं मान खाली घालून डाग दिला. त्यांनी पत्र्याचं सांगितलं, कारण त्यांना पत्रा माहीत. तिनं झाडाचं ऐकलं, कारण तिच्या डोक्यात झाडच होतं. कुणाचं काय चुकलं सांगा? मी दोघांच्या मधे, शेगडीवर तापत होते.

महाशिवरात्र झाली आणि त्यानंतर तो प्रकार घडला. सकाळी सुंदरम्मा आंघोळ करून परसात आली आणि जागच्या जागी थांबली. मोगऱ्याच्या आळ्यात, ओल वाळलेल्या मातीवर, पांढरा बारीक थर आला होता. मऊ, पिठासारखा. मी तो रोज माझ्या काठावर बघत होते. मला माहीत होतं ते काय आहे.

सुंदरम्मा गुडघ्यांवर बसली. हात जोडले. "अवो," ती हाक मारायला लागली, "अवो, लवकर या! सिद्धरामेश्वरानं विभूती धाडलीय बगा!"

विभूती! तुम्हाला हसू येईल. पण मला सांगा, ज्या बाईनं जन्मभर पहाटे उठून कपाळाला विभूतीचे पट्टे ओढले, तिला शिवरात्रीच्या पाठोपाठ आपल्या झाडाच्या बुडाशी पांढरी भुकटी दिसली, तर ती काय म्हणेल? आणि ते वर्षच असं होतं की माणसं कशातही देव शोधत होती. सिद्धप्पा आला. तो एरवी असल्या गोष्टींना हसायचा. त्यानं बराच वेळ पाहिलं, मग टोपी काढली, चिमूटभर घेऊन कपाळाला लावलं आणि गिरणीचा भोंगा झाला तसा निघून गेला. गल्लीतल्या बायका आल्या. केराबाईनं कपाळ मातीला टेकवलं. "आता काय बी हुनार न्हाय तुज्या झाडाला," ती म्हणाली.

सुंदरम्मानं ती भुकटी हळूच पिसानं गोळा केली आणि चांदीच्या डबीत भरून ठेवली, महानंदासाठी. मातीवरून ती निघाली तर दोन दिवसांत पुन्हा आली. देव देतोच आहे म्हणून तिनं आणखी हौसेनं पाणी घातलं.

मी ओरडत होते हो. मीठ आहे ते! तुमच्या त्या हापशाचं मीठ! पण सोंड असून उपयोग काय? तिच्यातून फक्त पाणी येतं, आणि तेही तेच पाणी.

चैत्र निम्मा झाला आणि महानंदा आली. पोट दिसायला लागलं होतं, तोंडावर तेज आलं होतं. घरात आल्यावर पाणीसुद्धा न पिता आधी परसात आली. मोगरा बघून तिचं तोंडच उतरलं. पानं बहुतेक गळून गेली होती. एका फांदीवर मात्र थोड्या कळ्या होत्या, बारीक, तांदळाच्या दाण्याएवढ्या.

"अव्वा, ह्याला काय झालं?"

"काय न्हाय व्हायचं ह्याला. देव राखण करतोय. बस हितं," म्हणत सुंदरम्मानं तिला ओट्यावर पूर्वेकडं तोंड करून बसवलं. डबी आणली. पोटुश्या लेकीला विभूती लावायची तर कपाळालाही लावतात आणि चिमूटभर जिभेवरही ठेवतात. सुंदरम्मानं आधी कपाळाला लावली. मग म्हणाली, "आ कर."

महानंदानं लहान मुलीसारखा आ केला. तोंड मिटलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"अव्वा, हे मीठ हाय की."

"येडी का खुळी? विभूती हाय ती. आळ्यात आलीय."

"मीठ हाय अव्वा. कडू मीठ. तू बग खाऊन."

सुंदरम्मानं बोट डबीत बुडवून जिभेला लावलं. ती उठली, आळ्याशी गेली, मातीवरची चिमूट घेऊन चाखली. मग माझ्याकडं वळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं असं पाहिलं. मला उचललं, आत हात घालून काठाची पांढरी खपली नखानं काढली आणि तीही जिभेवर ठेवली.

"अय्यो शिवने," ती म्हणाली. "मी ह्याला मीठ पाजलं."

महानंदा उठून तिला धरायला आली, पण ती खालीच बसली. मला मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं होतं, जेव्हा कळेल तेव्हा मला हलकं वाटेल. तसं काहीच झालं नाही. माझ्या काठावरची खपली ती नखानं खरवडतच राहिली.

त्या दिवसापासून तिनं हापशाचं पाणी बंद केलं. आळ्यातली माती काढून टाकली, लांबून डोक्यावर पाट्या वाहून नवी माती आणली. सिद्धप्पा म्हणाला, "नळाचं घाल. माझ्या वाटणीतलं घे." तिनं ऐकलं नाही. "तुमी गिरणीत उकाड्यात उभं ऱ्हाता, तुमचं तुमाला पायजे. माझं मी बगते." घरात माणशी जी घागर ठरली होती, त्यातली स्वतःची घागर ती मोगऱ्याला घालायला लागली. आणि स्वतः हापशाचं पाणी उकळून, त्यात चिंचेचं बोटूक टाकून प्यायची. सिद्धप्पा दोनदा ओरडला, एकदा जेवला नाही. तिनं त्याच्या पाया पडून सांगितलं, "कुबसापर्यंत. त्या फांदीवरच्या कळ्या निघाल्या की सोडीन."

किती कळ्या होत्या त्या! मूठसुद्धा भरली नसती. पण सुंदरम्माचं म्हणणं, बाकीच्या बाजारच्या असू देत, जडेच्या मध्यावर एवढ्या जरी घरच्या लावल्या तरी रीत राहिली. लेक सुखरूप सुटेल.

कुबसाच्या दिवशी पहाटे ती परसात आली, तेव्हा त्या फांदीवरच्या कळ्या काळ्या पडल्या होत्या. हात लावल्यावर गळून पडल्या. तिनं त्या वेचून पदरात घेतल्या आणि तशीच आत गेली.

विहीणबाईंनी अक्कलकोटहून केळीच्या पानात बांधून कळ्या आणल्या होत्या, त्यांच्या भावाच्या विहिरीवरच्या. मोठ्या, पांढऱ्याशुभ्र. बायकांनी गाणी म्हटली, हिरवी साडी नेसवली, वेणीभर कळ्या शिवल्या, आरशाकडं पाठ करून महानंदाचा फोटो काढला. विहीणबाई चांगल्या मनाच्या. सुंदरम्माचा हात धरून म्हणाल्या, "कळ्या कुटल्या का असंनात, सुंदरम्मा. आशीर्वाद तुमचाच." सुंदरम्मा हसली, सगळ्यांना पान वाढलं, कुणाला काही कमी पडू दिलं नाही. पण जडे शिवताना तिनं सुईला हात लावला नाही.

आता ज्येष्ठ आलाय. महानंदा बाळंतपणासाठी इथंच आहे.

आणि सुंदरम्मा अजून मोगऱ्याला पाणी घालतेय. कुबस होऊन गेलं, कळ्या गेल्या, तरी रोज संध्याकाळी आपली घागर घेऊन येते, मला भरते आणि त्या काड्यांच्या मुळाशी ओतते. म्हणते, "पोरीचं बाळंतपण हुईस्तोवर तरी जग रे. माझ्या हातानं मेलास असं नगं व्हायला." तिला वाटतं, झाड जगलं तर लेकीवरचं संकट टळेल. झाड मेलं तर ते तिच्याच हातांनी मेलं आणि त्याचं पाप लेकीच्या वाट्याला जाईल.

झाड मेलंय. मला कळतं. पूर्वी पाणी पडलं की माती ते गटागटा प्यायची. आता पाणी वर तसंच उभं राहतं आणि उन्हात उडून जातं. परवा महानंदानं एका फांदीची साल नखानं खरवडून पाहिली. आत हिरवं काही नव्हतं. तिनं घाईघाईनं त्यावर थुंकी लावून माती चोळली, अव्वाला दिसू नये म्हणून. सिद्धप्पालाही माहीत आहे. आळ्याजवळून जाताना तो तिकडं बघत नाही. केराबाई आता भिंतीपलीकडून हात पुढं करत नाही. सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांना वाटतं, दुसरं कुणीतरी सांगेल.

सुंदरम्माचे ओठ फुटलेत. खाऱ्या पाण्यानं पोट बिघडलंय, काल हापशावरून येताना भिंत धरून उभी राहिली होती. महानंदा आपला गोड्या पाण्याचा पेला तिच्यापुढं ठेवते, तर म्हणते, "तू दोन जिवांची. तूच पी."

आधी मला सांगायचं होतं, बाई, हे पाणी घालू नकोस. तेव्हा सांगता आलं नाही. आता सांगायचंय, बाई, हे चांगलं पाणी आहे, पण घालू नकोस. तेही सांगता येत नाही. माझ्या नशिबी फक्त भरायचं आणि ओतायचं.

ती आली बघा. कमरेवर घागर आहे, तिच्या वाटणीची. मला दांड्याला धरून सरळ उभं करेल, घागर कलती करेल आणि मी निमूट भरेन. तुम्ही तरी बोला हो. तुम्हाला देवानं तोंड दिलंय. तिला हाक मारा, घागर खाली ठेवायला लावा, आणि सांगा, सुंदरम्मा, मोगरा गेला. तुझ्याच हातानं गेला, पण तुझ्या लेकीला काही होणार नाही. ती आत बसलीय, तिला तू हवीयस. हे पाणी तू पी.